चार वह्यांतलं पाणी

उघड्या कोळसा खाणीत पाणी दोन वाटांनी येतं. एक आभाळातून, दुसरं खडकातून. आभाळातलं दिसतं, त्याचा आवाज होतो, त्याच्या धास्तीने मे महिन्यातच खाणीत बैठका सुरू होतात. खडकातलं पाणी मात्र बाराही महिने बेंचच्या, म्हणजे खाणीच्या पायऱ्यांच्या, भिंतीतून पाझरत खाली उतरत असतं आणि त्याची फारशी कुणाला आठवण नसते. या दोन्ही पाण्यांचं मोजमाप हे माझं काम. नागपूरच्या आसपासच्या खाणींवर ते करता करता एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. आपण खाणीतलं पाणी मोजत नाही असं नाही. भरपूर मोजतो. पण चार वेगवेगळ्या वह्यांत मोजतो, आणि त्या चार वह्या एका टेबलावर कधीच येत नाहीत.

नागपूरकराला कोळसा तसा लांबून माहीत असतो. सिव्हिल लाइन्समधून जाताना कोल इस्टेटची इमारत दिसते, कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात, आणि वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये नोकरीला असलेला एखादा तरी नातेवाईक निघतोच. उत्तरेकडे सिल्लेवाडा, भानेगाव, इंदर, गोंडेगाव, सावनेर. दक्षिण-पूर्वेला उमरेड आणि मकरधोकडा. उत्तरेकडच्या खाणींचा भाग नकाशावर नीट पाहिला, तर कन्हान, पेंच आणि कोलार या तीन नद्या बिना गावाजवळ एकत्र येतात तो सगळा परिसर त्यात येतो. कन्हानचं पाणी नागपूर शहर पितं. म्हणजे शहराच्या नळाचं पाणी आणि शहराच्या विजेचा कोळसा यांचा उगम एकमेकांपासून फार दूर नाही. इथे खाण खोदायची म्हणजे नदीच्या शेजारी, पाणी धरून ठेवणाऱ्या वालुकाश्मात खड्डा करायचा. पाणी येणारच.

किती येणार, याचं गणित कोणालाही करता येतं. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी झालं. खाणीचा उघडा खड्डा २०० हेक्टरांचा धरा. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या खड्ड्यात थेट आभाळातून पडलेलं पाणीच दोन लाख घनमीटर होतं, म्हणजे वीस कोटी लिटर. काही मुरतं, काही खाचखळग्यांत अडतं, पण खाणीचा तळ म्हणजे शेत नव्हे. बरंचसं पाणी वाहत जाऊन सर्वांत खालच्या डबक्यात, संपमध्ये, गोळा होतं. आता सेकंदाला १०० लिटर फेकणारा पंप लावा आणि तो दिवसाला वीस तास चालवा. दिवसाला ७,२०० घनमीटर. एका रात्रीचा पाऊस उपसायला जवळजवळ चार आठवडे. आणि नागपूरला वर्षाचा सरासरी पाऊस ११०० मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. तो चार आठवडे थांबत नाही.

म्हणून खाणीतलं पाणी काढण्यापेक्षा बाहेरचं पाणी आत येऊ न देणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी खड्ड्याच्या काठाने चर खोदतात. खाणीत सगळे त्याला गारलँड ड्रेन म्हणतात. आजूबाजूच्या शेतांतून, ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांवरून येणारं पाणी त्या चराने खाणीला वळसा घालून सेटलिंग पाँडकडे जावं आणि तिथे गाळ खाली बसल्यावर नाल्यात जावं, अशी योजना असते. कागदावर ती चराची रेघ फार सुंदर दिसते. जमिनीवर ती काळ्या मातीतून जाते, आणि काळी माती म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या दोन पावसांत तीच माती फुगते, कडा ढासळतात आणि चर भरायला लागतो. डम्परच्या रस्त्याखालून जिथे पाइप टाकून चर पलीकडे नेलेला असतो, तिथे हमखास तुंबतं.

चराची सफाई मृग लागायच्या आत होते, त्याचे फोटो निघतात, अहवालात जातात. पुढे सप्टेंबरपर्यंत त्या चराकडे कोण बघतं? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, माणसं गेली. त्या दिवसापासून मी प्रत्येक खाणीत तारीख विचारते. सफाई केली का, असं विचारत नाही. ऑगस्टच्या शेवटी चराची खोली किती उरली होती, ते विचारते. मेमध्ये दोन मीटर असलेला चर सप्टेंबरात एक मीटरचा झाला असेल, तर मेचा फोटो काय कामाचा? सगळ्या खाणीत सर्वांत स्वस्त काम हे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष याच्याकडे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या धोक्याबद्दल बोलताना पावसाळ्यावरच थांबून चालत नाही. १८ नोव्हेंबर १९७५ ला आपल्या सिल्लेवाड्याच्या खाणीत पाणी घुसून दहा कामगार गेले. महिना-सव्वा महिन्यात, २७ डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७५ जण गेले. दोन्ही महिने थंडीचे. २७ सप्टेंबर १९९५ ला झरियाच्या गॅसलिटांडमध्ये कत्री नदीचं पाणी आत शिरलं, तेव्हा ६४ जण गेले. या तिन्ही भूमिगत खाणी होत्या, उघड्या नव्हत्या. पण उघडी खाण जेव्हा जुन्या भूमिगत खाणीच्या अंगाला खोदत जाते, तेव्हा त्या जुन्या बोगद्यांत वर्षानुवर्षं साठलेलं पाणी शेजारीच असतं. ते कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे जुन्या नकाशावरून आणि बोअर मारून शोधावं लागतं. तिथे अंदाज चालत नाही.

आता वह्यांबद्दल.

पहिली वही पावसाची. पर्जन्यमापक बहुधा सर्वे ऑफिसच्या आवारात असतो, रोज सकाळी साडेआठला आकडा लिहिला जातो. ही वही सर्वांत व्यवस्थित असते.

दुसरी वही पंपाची, आणि ती इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल विभागाकडे. पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद, लाइट गेली तर कधी गेली, हे पंप खलाशी लिहितो. महिन्याच्या शेवटी तास मोजायचे, पंपाच्या पाटीवरच्या क्षमतेने गुणायचे आणि झाला उपसा. खरी अडचण या गुणाकारातच आहे. पाटीवरचा आकडा नव्या पंपाचा आणि ठरावीक उंचीचा असतो. खाण दरवर्षी खोल जाते, पाणी जास्त उंच चढवावं लागतं, तसं तोच पंप कमी पाणी देतो. शिवाय कोळशाचा बारीक चुरा आणि रेती यांनी पंपातलं फिरतं चाक, इम्पेलर, झिजतं. वहीतले तास शंभर टक्के खरे असले तरी त्यांवरून काढलेलं पाणी खरं असेलच असं नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खाणींच्या उपशावर डिजिटल फ्लो मीटर आणि भूजलपातळीसाठी पीझोमीटर (पातळी मोजायची बोअर) सक्तीचे केले, हे फार बरं झालं. पण गढूळ पाण्यात मीटर रुसतो, आणि रुसला की मंडळी पुन्हा त्याच गुणाकारावर येतात.

म्हणून माझा भरवसा व्ही-नॉचवर. जिथून पाणी खाणीच्या हद्दीबाहेर पडतं, त्या चरात एक पत्र्याची आडवी पाटी बसवायची, तिच्यात काटकोनी खाच. खाचेतून किती उंचीने पाणी वाहतं ते मोजपट्टीवर वाचायचं. दहा सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. वीस असेल तर पंचवीस लिटरच्या आसपास. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, म्हणून डोळ्यांनी अंदाज करणारा माणूस इथे हमखास फसतो. वीसच्या जागी एकवीस वाचलं तरी हिशोब तेरा टक्क्यांनी हलतो. आणि पट्टी खाचेत लावायची नाही, मागे लावायची, उंचीच्या चौपट अंतरावर तरी; कारण खाचेत उतरताना पाण्याची पातळी खाली झुकते आणि आकडा कमी येतो. ही पाटी बसवायला खर्च नाही, तिला वीज लागत नाही, आणि शिकायला एक सकाळ पुरते. एका खाणीतले निवृत्तीला आलेले पंप खलाशी काका हे वाचन माझ्यापेक्षा चांगलं घ्यायला लागले होते. त्यांनी एकदा मला विचारलं, "मॅडम, लिहून तर मी रोज राहिलो, पण वाचते कोन हे?" मी म्हटलं, मी वाचते काका. ते म्हणाले, "तुम्ही तर तीन महिन्यांनी येता." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही.

तिसरी वही पाण्याच्या प्रतीची. ती पर्यावरण विभागाकडे, नमुने प्रयोगशाळेत. कोळसा खाणींच्या सांडपाण्याची मानकं केंद्र सरकारने सप्टेंबर २००० मध्ये ठरवून दिली: पीएच साडेपाच ते नऊ, तरंगते घनकण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, तेल आणि ग्रीस १० च्या आत, वगैरे. आपल्याकडच्या कोळशात गंधक सहसा फार नसतो, त्यामुळे परदेशातल्या खाणींसारखं आम्लाचं पाणी ही इथली रोजची तक्रार नाही. इथली रोजची तक्रार म्हणजे गाळ. वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, कण स्थिर पाण्यात दिवसाला तीसेक मीटर खाली उतरतो. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण दिवसाला तीस सेंटीमीटर. काळी माती अशा बारीक कणांनीच भरलेली. म्हणजे दोन मीटर खोल सेटलिंग पाँडमध्ये तो कण तळाला बसायला जवळपास आठवडा हवा, आणि ऐन पावसाळ्यात पाणी त्या पाँडमध्ये काही तासही थांबत नाही. मग ते राखाडी-काळं पाणी नाल्यातून खालच्या बांधीत जातं, धानाच्या रोपावर त्याचा थर बसतो.

अशा वेळी नमुना कोणत्या दिवशी घेतला याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. पाऊस उघडल्यावर, रस्ता वाळल्यावर, गाडी जाईल अशा दिवशी घेतलेला नमुना बहुतेक वेळा मानकात बसतो. ज्या दिवशी व्ही-नॉचवर वर्षातलं सर्वांत मोठं वाचन असतं त्या दिवसाचा नमुना मला हवा असतो. चिखलात गाडी फसेल, गमबूट घालून अर्धा किलोमीटर चालावं लागेल, पण शेतकऱ्याच्या बांधीत शिरलेलं पाणी ते आहे. आणखी एक: नमुन्यात नायट्रेट बघा. ब्लास्टिंगच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, त्यातलं न जळलेलं पाण्यात विरघळतं. गाळ डोळ्यांना दिसतो, हे दिसत नाही.

चौथी वही विहिरींची. ती खाणीत नसतेच. बाहेरची एखादी संस्था वर्षातून चार वेळा गावांतल्या ठरलेल्या विहिरींची पातळी मोजते आणि जाडजूड अहवाल देते. या वहीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण खाणीने खडकातून काढलेलं पाणी आधी कुणाचं होतं, हे इथे कळतं. खाण खोल गेली की भोवतालच्या खडकातलं पाणी तिच्याकडे उतरायला लागतं. खड्ड्याजवळ पातळी सर्वांत खाली, लांब जाल तशी वर. या उताराच्या टप्प्यात ज्या गावाच्या विहिरी येतात, त्या आधी उन्हाळ्यात आटतात, मग होळीच्या सुमारास आटतात.

एका गावात मी विहिरीत पट्टी सोडत होते. पाण्याला टेकली की ती पट्टी पीं असा आवाज करते. काठावर बसलेल्या आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमची पट्टी आता बोलली. माही दोरी कवाचीच बोलून राहिली." त्यांनी दोरीला दरवर्षी घातलेले जोड दाखवले. कुठला जोड कुठल्या साली, ते घरातल्या लग्नांवरून आणि बाळंतपणांवरून सांगितलं. त्या दिवशी मी माझ्या अहवालाच्या शेजारी त्यांचं सांगणं लिहून घेतलं, आणि दोन्हींचा कल एकच निघाला.

तरीही प्रत्येक आटलेल्या विहिरीचं खापर खाणीवर फोडता येत नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगते. पाऊस कमी झालेला असतो. शेजारच्या संत्र्याच्या बागेत नवी बोअर खोल गेलेली असते. काटोल-नरखेडकडे खाण नसतानाही बोअरनी पाणी कुठल्या कुठे नेलंय. मग ओळखायचं कसं? पाऊस दरवर्षीसारखाच झाला, पंपाचे तास मात्र वाढत गेले आणि विहीर उतरत गेली, तर बोट खाणीकडे जातं. पाऊस घटला, पंपाचे तासही घटले आणि विहीरही उतरली, तर दोष आभाळाचा. दोन्ही नेहमीसारखे आणि एकच विहीर उतरली, तर शेजारची बोअर बघा. हे सगळं ओळखायला चारही वह्यांतले आकडे एकाच कागदावर, एकाच तारखेखाली असावे लागतात. ते सर्वे ऑफिस, पंपघर, प्रयोगशाळा आणि बाहेरच्या संस्थेचा अहवाल अशा चार ठिकाणी विखुरलेले राहिले, तर गाव म्हणतं खाणीने पाणी पळवलं, खाण म्हणते पाऊस कमी झाला, आणि दोघांनाही सिद्ध काहीच करता येत नाही.

त्यात मे महिना फार मोलाचा. मेमध्ये पाऊस फारसा नसतो. पावसाळ्याचं साठलेलं उपसून झालेलं असतं. त्या महिन्यात पंप जे पाणी काढतो ते जवळजवळ सगळं खडकातलं. बाकी अकरा महिने दोन पाणी एकमेकांत मिसळलेली असतात, मेमध्ये खडकातलं एकटं सापडतं. म्हणून एखाद्या खाणीचा एकच आकडा मागायचा झाला तर मी मे महिन्याचा उपसा मागते, गेल्या दहा वर्षांचा. याच महिन्यात पलीकडच्या गावात लोक टँकरची वाट बघत असतात, आणि खाणीचा पाइप नाल्यात पाणी सोडत असतो. ४५ अंशांत तो नाला काही अंतरावर आटूनही जातो.

हे पाणी वापरायचे प्रयत्न झालेले आहेत आणि त्यांचं मला कौतुक आहे. पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीबंद करतात. भानेगाव खाणीचं पाणी खापरखेड्याच्या वीजकेंद्राला द्यायचं ठरलं. पेंच धरणातून लांबून आणायचं पाणी त्यामुळे वाचतं. खाणीतही धूळ दाबायला टँकरने रस्त्यावर पाणी मारतात, ते संपमधलंच असावं. त्यासाठी वेगळी बोअर चालवणाऱ्या खाणीला मी तरी माफ करत नाही. पण गावाला पाइपने दिलेलं पाणी आणि गावाच्या विहिरीत असलेलं पाणी यांत फरक आहे. पाइपचा कॉक खाणीच्या हातात असतो. खाण बंद झाली, पंप थांबला, की पाइपही कोरडा पडतो, आणि विहीर भरून यायला मात्र कित्येक वर्षं लागतात, कारण आधी तो प्रचंड खड्डा भरावा लागतो. भरलेल्या खड्ड्याच्या पाण्यावरून उन्हाळ्यात रोज मिलिमीटरांनी वाफ जाते, तेही हिशोबात धरावं लागतं.

एका खाणीत आम्ही हे एका पानाचं काम खरोखर करून पाहिलं. आलेखाच्या कागदावर वर पाऊस, त्याखाली पंपाचे तास, त्याखाली नॉच, आणि सर्वांत खाली दोन बाजूंच्या दोन विहिरी. उत्तरेची विहीर जानेवारीपासून झरझर खाली जात होती. दक्षिणेची मात्र उन्हाळ्यातही बरीच टिकून होती. कारण शोधायला वेळ लागला नाही: सेटलिंग पाँडचं पाणी दक्षिणेच्या नाल्यात जात होतं आणि तिथेच मुरत होतं. म्हणजे खाण एका गावाचं पाणी काढून दुसऱ्या गावाला देत होती, आणि हे दोन्ही गावांना, खाणीलाही, ठाऊक नव्हतं. तिथल्या साहेबांनी पान बराच वेळ पाहिलं आणि उत्तरेच्या बाजूच्या जुन्या मालगुजारी तलावापर्यंत पाइप टाकायला किती खर्च येईल, असं सर्वेअरला विचारलं. पाइप पडला. उत्तरेच्या विहिरीला त्याचा किती उपयोग होतो ते कळायला दोन-तीन पावसाळे तरी बघावे लागतील, आणि तलावात सोडण्याआधी गाळाचं वाचन रोज घ्यावं लागेल, नाहीतर तलावाचा तळ बुजेल आणि मुरणंच थांबेल. पण हा प्रश्न विचारला गेला तो त्या पानामुळे.

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक खाणीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सगळ्यांना बघता येतो. खाणीजवळच्या गावांतल्या तरुणांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की डिसेंबरचा अहवाल हातात घ्या, त्यात मे महिन्याच्या उपशाचा आकडा शोधा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून लेखी मागा. अहवालांत पावसाळ्यानंतरची विहिरींची पातळीही बघा. मेमध्ये सगळ्यांच्याच विहिरी खाली जातात, पावसाळ्यानंतरही विहीर पूर्वीसारखी भरत नसेल तर तिथे खरी काळजी. गावातल्या एका विहिरीची खोली दर पंधरा दिवसांनी तुम्ही स्वतः मोजा, साधी दोरी आणि दगडही चालेल, पण माणूस तोच, विहीर तीच आणि कठड्यावरची खूण तीच ठेवा. सकाळी मोटर सुरू करायच्या आधी मोजा. पावसाचा आकडा तहसीलच्या नोंदीतून मिळतो. पंपाचे तास खाणीकडे मागा. व्ही-नॉच कुठे आहे ते विचारा आणि नसेल तर तो कधी बसणार ते विचारा. येत्या जूनच्या आत हे सुरू झालं, तर डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे पहिलं पान तयार असेल.